आधी खराटा, मग कीर्तन

मुक्या प्राण्यांवरील दया हा विषय आपल्या मंडळ्यांत पूर्वी फारसा निघत नसे. अलीकडे तो तरुण संघात निघतो आणि निघाला की बहुधा वादावर जातो. मांस, मासे, अंडी नकोत एवढेच नव्हे, तर दूध, तूप, मध आणि चामड्याची वहाणही नको, असे मानणाऱ्यांना व्हीगन म्हणतात. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी या नावाची संस्था काढली तेव्हा ती मूठभर माणसे होती. आज हे व्रत पाळणारे सर्वत्र भेटतात आणि त्यांतील बहुतेक जण आपल्या ताटापुरते पाहणारे असतात. काही मात्र रस्त्यावर उतरतात. ८ एप्रिल २०१९ रोजी त्यांनी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराचा गजबजलेला चौक ऐन कामाच्या वेळी अडवला आणि पोलिसांना तिसांहून अधिक जणांना धरून न्यावे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडन व इतर काही शहरांत तरुण मुलेमुली मोठ्या दुकानांत शिरली, दुधाच्या बाटल्या उघडल्या आणि दूध फरशीवर ओतले. अशा वागण्याने जनावरांचे काही भले होते, की ऐकायला तयार असलेला माणूसही पाठ फिरवतो, असा तो वाद आहे.

आम्ही हा प्रश्न गोडादऱ्यात बसून विचारीत आहोत, म्हणून येथली स्थिती थोडी सांगितली पाहिजे. सुरत शहराच्या कडेला लिंबायत, दिंडोली, गोडादरा अशा वस्त्या एकीला एक लागून आहेत. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून ताप्ती लाईनच्या गाडीने आलेली मराठी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहतात. कोणी यंत्रमागावर, कोणी कापड बाजारात, कोणी भाजीच्या लारीवर पोट भरतो. गल्लीत अहिराणी ऐकू येते. मुलाचे जावळ काढायला माणसे गावी जातात आणि तेथे बोकड पडतो. मांस खाऊ नये हे वाक्य या वस्तीतील माणसाच्या कानी दयाधर्माचे म्हणून पहिल्यांदा पडत नाही. ते घर भाड्याने मागायला गेल्यावर पडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राजकोट, वडोदरा, भावनगर, अहमदाबाद या शहरांत रस्त्यावरच्या अंड्यामांसाच्या लाऱ्या हटविण्याचे हुकूम निघाले आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने अहमदाबादच्या महापालिकेला त्याबद्दल खडसावले, हे वाचकांना आठवत असेल. तेव्हा एखादा शिकलेला तरुण कळकळीने जनावरांची वेदना सांगू लागला, तरी आमच्या शेजाऱ्याला त्यात जुनाच तुच्छतेचा सूर ऐकू येतो. तो तरुण तसा नसेलही. पण तो सूर आधीच कानात बसलेला आहे.

म्हणून आम्ही आज एका अशा माणसाची कथा सांगणार आहोत, ज्याने हेच काम स्वतः मांस खाणाऱ्या, नवसाला बोकड कापणाऱ्या लोकांत पन्नास वर्षे केले. तो त्यांच्यातलाच होता. त्याची जीभ मऊ नव्हती आणि हातात काठी असे. तरी त्याला ऐकायला हजारो माणसे रात्र रात्र बसत. गाडगेबाबांचे नाव ग्रामस्वच्छतेच्या पाट्यांवर आपण रोज वाचतो. २००० सालापासून महाराष्ट्रात त्यांच्या नावाने अभियान चालले, अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण झाडूवाल्या बाबांच्या मागे बोकडाचा जीव वाचवणारे बाबा झाकले गेले, असे आम्हास वाटते.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी, वडिलांचे नाव झिंगराजी, आडनाव जाणोरकर, आईचे नाव सखुबाई. ज्या पूर्णा नदीच्या काठाने बाबांचे सुरुवातीचे आयुष्य गेले ती पुढे चांगदेवाजवळ तापीला मिळते, आणि तापी आमच्या सुरतेला वळसा घालून समुद्राला जाते. एवढ्यावरून नाते सांगणे फार होईल, पण मुलांना शब्बाथ शाळेत नकाशा दाखवायला ही गोष्ट बरी आहे.

त्या घरात देव होते आणि त्या देवांना बोकड व दारू लागे. देवाला दाखवलेली दारू माणसे पीत. झिंगराजीला तेच व्यसन जडले, शेतीवाडी गेली आणि डेबू आठ वर्षांचा असताना बापाने प्राण सोडला. मरताना त्याला या सगळ्याचा पश्चात्ताप झाला होता, असे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट महत्त्वाची आहे. बोकडाच्या बळीविषयी बाबांचा जो राग होता तो नुसत्या जनावराच्या कळवळ्यातून आलेला नव्हता. बोकड कापला की पंगत बसते, पंगतीला दारू येते, दारूसाठी कर्ज येते आणि कर्जापायी शेत सावकाराकडे जाते, ही साखळी त्यांनी लहानपणी घरात पाहिली होती. बोकडाचा जीव आणि गरिबाची भाकरी यांत त्यांनी कधी भेद केला नाही. आजच्या वादात ही जोड बहुधा सुटते. जनावराचे दुःख सांगणारा माणूस समोरच्या माणसाच्या दुःखाविषयी एक शब्दही बोलत नाही, आणि मग ऐकणारा उठून जातो.

सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे येथे माहेरी आली. डेबू मामा चंद्रभानाच्या घरी वाढला. गुरे राखली, नांगर धरला, पुरात पोहायला शिकला, रात्री भजनात बसू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. घरात कोणालाच लिहिता वाचता येत नसल्यामुळे मामा सावकाराच्या कागदावर अंगठा उठवीत गेला आणि एके दिवशी चांगले शेत हातचे गेले. त्या धक्क्याने मामा गेला. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबू शेतात उभा राहिला आणि त्याने त्या लोकांना हुसकावून लावले, असे वर्णन चरित्रांत आहे. तेव्हा सामना करणे, अंगावर जाणे हे या माणसाला वर्ज्य होते असे कोणी समजू नये. मात्र तो अंगावर गेला तो आपल्याहून बलवान माणसाच्या.

१८९२ साली डेबूचे लग्न कुंताबाईशी झाले. काही वर्षांनी पहिली मुलगी झाली, आलोका. बारसे आले. जातीचा रिवाज असा की अशा वेळी भाऊबंदांना मटणाचे जेवण आणि दारू द्यायची. न देईल तो जातीत हलका. डेबूने जेवण दिले, सगळ्यांना बोलावून पोटभर दिले, पण ते गोडाचे दिले. मांस नाही, दारू नाही. पंगतीतले लोक रागावले. घरातल्या वडीलधाऱ्यांची मान खाली गेली. आज हे वाचताना ती एक लहानशी गोष्ट वाटते. ज्यांनी कधी जातीच्या किंवा मंडळीच्या पंगतीत रीत मोडली असेल त्यांना ती लहान वाटणार नाही.

या प्रसंगावर आम्ही थोडे थांबतो, कारण आमच्या वादाचे अर्धे उत्तर येथे आहे. हा सरळ सरळ सामना होता. डेबूने कोणाची समजूत काढली नाही, पंचांना आधी विचारले नाही, हळूहळू बदल करू असेही म्हटले नाही. रूढी त्याने एका दुपारी मोडली. जे लोक म्हणतात की सुधारणा नेहमी गोड बोलूनच होते, त्यांना हे बारसे अडचणीचे आहे. पण ती मोडताना त्याने वापरले काय ते पाहावे. अंगण स्वतःचे, मुलगी स्वतःची, खर्च स्वतःचा, आणि अब्रू गेली तीही स्वतःची. दुसऱ्याच्या बारशात जाऊन त्याने कोणाचे ताट उधळले नाही. शिवाय पंगत उठली ती उपाशी उठली नाही. जुनी गोष्ट काढून घेतली त्या जागी त्याने काहीतरी वाढले. पुढील पन्नास वर्षे ही त्यांची रीत सुटली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजी घर सोडून निघाले. वय तिशीच्या आत. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचे, प्रसंगी तेच डोक्यावर घालायचे. लोक गाडगेबुवा, गोधडेबुवा, चिंधेबुवा अशा नावांनी हाका मारू लागले. मागे म्हातारी आई, कुंताबाई आणि मुले राहिली. त्यांचे जे हाल झाले त्यांचा हिशेब चरित्रांत थोडक्यात येतो. आमच्या मते तो जास्त यायला हवा होता. मोठ्या कामाची किंमत पुष्कळदा घरातल्या बाईने भरलेली असते.

बाबांची गावात शिरण्याची तऱ्हा ठरलेली होती. सकाळी यायचे आणि कोणाशी काही न बोलता खराट्याने रस्ता झाडायला लागायचे. गटारे उपसायची, उकिरडे साफ करायचे. पोरे भोवती जमत, मग म्हातारे येत, मग लाजून दोघेचौघे खराटा घेत. दुपारी कोणाच्या तरी दारात उभे राहून भाकरी मागायची. ती सुद्धा काम केल्यावाचून नाही. आणि रात्री कीर्तन. म्हणजे ज्या गावाला रात्री चार कडू शब्द ऐकवायचे, त्या गावाची घाण आधी दिवसभर उपसून ठेवलेली असे.

येथे लंडनच्या त्या दुकानांची आठवण आल्यावाचून राहत नाही. फरशीवर दूध ओतून ती मुले निघून गेली किंवा पोलिसांच्या गाडीत बसली. दूध पुसले ते दुकानात झाडूपोछा करणाऱ्या, तुटपुंज्या पगाराच्या नोकरांनी. त्या वेळी पुष्कळांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. मुलांचा हेतू खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. दुधाच्या धंद्यात गाईचे आणि वासराचे हाल होतात हे खरेच आहे, आणि ते कोणीतरी मोठ्याने सांगितले पाहिजे. पण सांगणाऱ्याच्या हातात खराटा आहे की त्याने दुसऱ्याच्या हाती खराटा दिला, हे लोक बरोबर पाहतात.

कीर्तनात बाबा वऱ्हाडी बोलीत बोलत. पोथी नाही, वीणा नाही, पगडी नाही. ते प्रश्न विचारीत आणि लोकांकडून उत्तर काढून घेत. देव बोकड खातो का, हा एकच प्रश्न ते दहा तऱ्हांनी फिरवीत. नवस कोणाचा, मरण कोणाचे, जेवण कोणाचे आणि कर्ज कोणाच्या डोक्यावर, असे करता करता समोरचा माणूस आपल्याच तोंडाने कबुली देई. सगळा मांडव हसे. पण हसू रूढीचे होई. पहिल्या रांगेत बसलेल्या एखाद्या गरीब भगताचे नाव घेऊन त्याला चारचौघांत उघडे पाडणे, ही त्यांची तऱ्हा नव्हती. जो बोकड घेऊन आला आहे तो वाईट माणूस नाही, त्याचे पोर आजारी होते म्हणून त्याने नवस बोलला आहे, हे बाबांना ठाऊक होते. कारण तो त्यांचा बाप होता, त्यांचे भाऊबंद होते.

तरीही कीर्तन गोडगोड नसे. दारुड्याला, कर्ज काढून लग्न करणाऱ्याला, अस्पृश्यता पाळणाऱ्याला ते झोडपून काढीत. पाया पडायला कोणी वाकला तर पाठीत काठी बसे, मग तो शेठ असो की मजूर. या काठीचा अर्थ नीट लावला पाहिजे. मान देणाऱ्यावर ती पडे. मोठेपणा अंगाला चिकटू नये म्हणून पडे. आजच्या पुष्कळ चळवळ्यांच्या बाबतीत आम्हास उलटे दिसते. कडक बोलणे तर तेच आहे, पण त्या कडक बोलण्यातून बोलणाऱ्याची स्वतःची पवित्रता वाढत जाते, त्याचे चित्र फोनवर फिरते, त्याला टाळ्या मिळतात. ज्या भाषणाने बोलणारा मोठा होतो त्याने ऐकणारा सहसा बदलत नाही.

बाबांनी जत्रांच्या ठिकाणी बळी देऊ नका म्हणून सांगितले, तसेच त्या ठिकाणी दुसरे काहीतरी उभे केले. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तेथे चिखलातून बायाबापड्यांना नदीत उतरावे लागे म्हणून त्यांनी घाट बांधला. लुळ्यापांगळ्यांना जेवण सुरू केले. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत उपचाराला आलेल्या रोग्यांच्या नातलगांसाठी धर्मशाळा झाली. मूर्तिजापूरला गोरक्षण उभे राहिले, तेथे भाकड आणि म्हाताऱ्या गुरांना चारापाणी मिळे. लाखो रुपयांची ही कामे ज्याच्या शब्दावर झाली त्याच्या गाडग्यात मात्र चटणी भाकरी होती आणि नातलगांपैकी कोणाला त्यातला पैसा शिवू दिला नाही. त्यांच्या कामाची जी दशसूत्री सांगतात, तीत भुकेल्याला अन्न आणि तहानेल्याला पाणी यांपासून सुरुवात होते आणि मुक्या प्राण्यांना अभय हे आठवे येते. हा क्रम आम्हास अर्थपूर्ण वाटतो. प्राणी यादीतून गळलेले नाहीत, आणि माणसाला ओलांडून पुढेही आलेले नाहीत.

पंढरपूरची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख एकांगी होईल. बाबा आयुष्यभर पंढरपूरला जात, वाळवंट झाडीत, कीर्तन करीत, पण विठोबाच्या देवळात दर्शनाला जात नसत. ज्यांना देवळात मज्जाव होता आणि गावात उतरायला जागा नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती पुढे १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. देवळाचे दार मात्र धर्मशाळेने उघडले नाही. ते उघडायला साने गुरुजींना १ मे १९४७ रोजी उपोषणाला बसावे लागले आणि दहा दिवस त्यांचे प्राण पणाला लागले. साने गुरुजी हे आमच्या खानदेशाला अमळनेरचे मास्तर म्हणून ठाऊक. तेव्हा अडवणूक करू नये, कोणाला पेचात धरू नये, असा सरसकट नियम इतिहासातून निघत नाही. गुरुजींनी पेच टाकला. पण त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले होते, विहिरी आणि लहान देवळे खुली करून घेत होते, आणि शेवटी उपाशी राहिले ते स्वतः. बडव्यांचे अन्न त्यांनी तोडले नाही. बाबांचे बारसे आणि गुरुजींचे उपोषण यांत आम्हास हेच साम्य दिसते की सोसणारा आणि सामना करणारा माणूस एकच होता.

आपल्या मंडळ्यांना हा धडा नवीन नसावा. आपले जुने प्रचारक जत्रांत आणि बाजारात उभे राहून उपदेश करीत असत. त्यांच्यापैकी जे दुसऱ्याच्या देवाची टवाळी करीत त्यांच्या अंगावर धूळ आणि दगड येत आणि ते त्याला छळ समजत. जे प्लेगात व दुष्काळात लोकांजवळ राहिले त्यांचे बोलणे लोकांनी पुढे स्वतः विचारून ऐकले. जेवणाच्या प्रश्नावर तर पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील आठवा अध्याय शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी या निमित्ताने पुन्हा वाचावा. मूर्तीला दाखवलेल्या मांसाचा प्रश्न तेथे आहे, आणि पौल आपल्या हक्कापेक्षा दुबळ्या भावाची काळजी पुढे ठेवतो. पंडिता रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या हेही पुष्कळांना ठाऊक नसते. तेव्हा नाताळच्या जेवणात एखाद्या मुलाने मटणाला किंवा खिरीला नाही म्हटले तर त्याला वेड्यात काढू नये. आणि त्या मुलाने पंगतीत बसलेल्या आपल्या आजीला खुनी म्हणू नये. या दोन्ही गोष्टी घडल्याचे आम्ही ऐकले आहे, म्हणून लिहिले.

आता खरा अवघड प्रश्न. बाबांच्या तऱ्हेने यश किती आले? त्यांचे भक्त सांगतात की गावेच्या गावे सुधारली. काही ठिकाणी जत्रेतले बळी थांबले, अनेक घरांत दारू सुटली, हे खरे. पण बोकड कापणे महाराष्ट्रातून गेले नाही. आमच्या खानदेशी लोकांची कुलदेवता सप्तशृंगी. तिच्या गडावर दसऱ्याला बोकडाचा बळी देण्याची प्रथा होती. २०१७ साली प्रशासनाने ती बंद केली. लोक न्यायालयात गेले आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने अटी घालून तिला पुन्हा परवानगी दिली. बंदीची पाच वर्षे संपली आणि प्रथा जशीच्या तशी उभी राहिली, कारण लोकांच्या मनात ती संपलेली नव्हती. हुकूम हाही सामन्याचाच एक प्रकार आहे, आणि त्यात हुकूम देणाऱ्याला काहीच सोसावे लागत नाही.

बाबांच्या मार्गाला वेळ फार लागतो, हा त्याच्यावरचा आक्षेप आम्ही मान्य करतो. दर वर्षी जे प्राणी मरतात त्यांना तेवढा वेळ नसतो, असे तरुण म्हणतात, आणि त्याला चटकन उत्तर देता येत नाही. कोंबड्यांच्या आजच्या कारखान्यांत, पाय पसरायला जागा नसलेल्या पिंजऱ्यांत, जे चालते ते बाबांनी पाहिले नव्हते. त्यांच्या काळी बोकड अंगणात वाढे आणि वर्षातून एकदा मरे. कारखान्याच्या मालकाशी कसे बोलावे हे बाबांच्या चरित्रात सापडणार नाही. कदाचित त्याच्या बाबतीत सावकारापुढे शेतात उभा राहिलेला डेबूच जास्त उपयोगी पडेल. पण गोडादऱ्याच्या नाक्यावर अंड्याची लारी लावून चार पोरांना शिकवणारा माणूस सावकार नव्हे. त्याच्यापुढे घोषणा देणाऱ्याने आधी त्याची लारी रात्री कोण उचलून नेतो, हप्ता कोण घेतो, हे विचारावे. बाबांनी विचारले असते.

म्हातारपणी बाबांना मधुमेहाने ग्रासले होते, तरी फिरणे थांबले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवले गेले. आजही ते ऐकायला मिळते. ज्यांनी बाबांना फक्त चित्रपटात पाहिले आहे, १९७७ सालच्या देवकीनंदन गोपाळा या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी त्यांची भूमिका केली होती, त्यांनी हे मूळचे कीर्तन अवश्य ऐकावे. आवाज खरखरीत आहे. थकवा जाणवतो. बाबा विचारतात आणि समोर बसलेले लोक एकसुराने उत्तर देतात, पुन्हा विचारतात, पुन्हा उत्तर येते. शब्बाथ शाळेचा वर्ग कसा चालवावा हे शिकायला याहून चांगला नमुना आम्ही तरी ऐकला नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यांचा आणि बाबांचा फार स्नेह होता आणि ती बातमी बाबांच्या जिव्हारी लागली. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी वाटेतच त्यांनी प्राण सोडला. ते ना दवाखान्यात गेले ना मठात. त्यांनी आपल्यामागे शिष्य म्हणून कोणाला नेमले नव्हते. धर्मशाळा, आश्रमशाळा आणि मूर्तिजापूरचे गोरक्षण एवढे मागे होते, आणि ते सगळे ज्याच्या त्याच्या विश्वस्तांकडे आधीच लावून दिलेले होते.